चिखलाला घाई चालत नाही

परवा नातू आला होता. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतोय. बोलता बोलता मी त्याला खाडीकाठच्या आमच्या घरामागच्या गडग्याची गोष्ट सांगितली. १९८४ च्या मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आत उरकायचा म्हणून मी तो घातला. वडील म्हणाले होते, "अर्धा यंदा घाल, अर्धा पुढल्या वर्षी." मी ऐकलं नाही. आठवड्यात गडगा उभा राहिला आणि पंधरा दिवसांत खाडीकडे कलला.

नातू हसला. म्हणाला, "आजोबा, तुमचा नुसता गडगा होता. कॅनडात अख्खं धान्याचं कोठार कललं होतं!"

विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे रेल्वे कंपनीने दहा लाख बुशेल धान्य मावेल असं काँक्रीटचं कोठार बांधलं. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यात गहू भरू लागले. १८ ऑक्टोबरला पावणेनऊ लाख बुशेल झाले असताना कोठार तासाभरात फूटभर खचलं आणि चोवीस तासांत सुमारे २७ अंशांनी कललं. काँक्रीट मात्र जवळजवळ शाबूत! दोष खालच्या मऊ चिकणमातीचा. पुढे गहू काढून, खाली खडकापर्यंत खांब घालून ते पुन्हा सरळ केलं.

असं का होतं? ओल्या चिकणमातीवर वजन आलं की आधी ते कणांमधलं पाणी पेलतं. पाणी निघून जायला वेळ मिळाला तर कण जवळ येतात, माती घट्ट होते. पण चिकणमातीतून पाणी फार सावकाश निघतं. जाड थर असेल तर वर्षं लागतात. तोवर वजन वाढत गेलं तर माती कच्चीच राहते आणि सरकते. याचं गणित कार्ल टेरझागी यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. म्हणजे ट्रान्सकोनानंतर बारा वर्षांनी.

गंमत पुढेच आहे. मातीची ताकद मोजायला चार पात्यांची दांडी आत खुपसून फिरवतात. काही मिनिटांत माती तुटते. पण घाईने तोडलेली माती खऱ्यापेक्षा मजबूत भासते! तोडायला दसपट वेळ घेतला तर ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी भरते. भराव तर कित्येक आठवडे जमिनीवर भार टाकत असतो. म्हणून नॉर्वेतल्या संस्थेचे लाउरिट्स ब्येरुम यांनी खचलेल्या भरावांचा अभ्यास करून १९७२ मध्ये सुचवलं, की मोजलेला आकडा मातीच्या जातीप्रमाणे कमी करून धरावा.

चाळीस वर्षं शिकवलं, पण तोंडी परीक्षेत भराभर उत्तरं देणाऱ्या मुलांना मीही असेच जास्त गुण देत आलो की काय, असं मनात येऊन गेलं.

असो. वडील तेव्हा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनीच निम्मा गडगा घातला आणि त्याच्या पुढच्या वर्षी उरलेला. तो अजून उभा आहे.