सनशाइन
ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मेलबर्न शहराचे पश्चिमेकडील कामगार उपनगर. मूळ नाव ब्रेब्रुक जंक्शन. ह्यू व्हिक्टर मॅके यांनी १९०६ मध्ये बॅलरॅटचा कापणी-मळणी यंत्रांचा कारखाना येथे आणला. पुढच्याच वर्षी गावाने यंत्राचे नाव घेतले. मॅके यांनी कामगारांसाठी घरे आणि बाग उभारली. मात्र संघटनांशी त्यांचे कधी जमले नाही. १९०७ मध्ये याच कारखान्याच्या दाव्यात न्यायमूर्ती हेन्री हिगिन्स यांनी कामगारांच्या बायकांच्या साक्षी घेऊन घरभाडे, किराणा, पाव, मांस, दूध, सरपण यांचा हिशेब मांडला आणि पत्नी व तीन मुले असलेल्या अकुशल कामगारासाठी रोज ७ शिलिंग ही वाजवी मजुरी ठरवली. ‘हार्वेस्टर निवाडा’ म्हणून प्रसिद्ध झालेला हा निर्णय ज्या कायद्यावर उभा होता, तो उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये रद्द केला. तरी देशातील मूळ वेतनाची कल्पना यातूनच रुजली. (स्त्रियांची मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कमीच राहिली.) मॅके यांच्या कारखान्यातील १९११ चा दीर्घ संप कामगार हरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर माल्टा, इटली, पोलंड येथून आणि १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेल्या कुटुंबांनी वस्तीचा चेहरा बदलला. कारखान्याच्या बहुतेक जागेवर आता बाजारसंकुल आहे. घड्याळाचा मनोरा आणि प्रवेशद्वार जतन केले आहे.