दान आणि दानाची राखण : डेक्कन कॉलेजचा दाखला

वसई येथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशव्यांची सत्ता परावलंबी झाली. १८१८ साली ती लयासही गेली. या घटनांचा महाराष्ट्रातील विद्यादानाच्या इतिहासाशी असलेला संबंध मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. पेशवे श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. तिचे पुढे काय करावे, हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला. ती एकाएकी बंद केल्यास असंतोष माजेल हे एल्फिन्स्टन जाणून होता. म्हणून तिचा काही भाग विद्यालयाकडे वळविण्यात आला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचा उगम तो हाच.

१८५१ साली या पाठशाळेचे पूना कॉलेज झाले व १८६४ साली तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याची इमारत उभी राहिली व १८६८ साली कॉलेज तेथे गेले. येथे दानाचे स्वरूपच पालटले. दक्षिणा व्यक्तीच्या हाती पडे आणि खर्ची पडे. जीजीभाईंचे द्रव्य एका हेतूशी बांधले गेले. दाता निवर्तला तरी हेतू उरावा, अशी ही योजना होय. विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर व टिळक या वास्तूत शिकले.

परंतु हेतू स्वतःची राखण करू शकत नाही. १९३४ साली मुंबई सरकारने काटकसरीचे कारण देऊन कॉलेज बंद केले. मिळकतीची विल्हेवाट लावण्याचाही विचार पुढे आला. दाता तर केव्हाच कालवश झाला होता. त्याच्या वतीने बोलणार कोण?

हे काम माजी विद्यार्थ्यांनी केले. ते न्यायालयात गेले. देणगी शिक्षणासाठी दिलेली आहे, सरकार तिचे धनी नसून केवळ विश्वस्त आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा झगडा दीर्घकाळ चालला. अखेर बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर असता, १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था या रूपाने कॉलेजचे दार पुन्हा उघडले. ह. धी. सांकलियांचे पुरातत्त्वसंशोधन, इरावती कर्वे यांचे समाजशास्त्र व १९४८ साली हाती घेतलेला संस्कृत महाकोश ही सर्व त्यानंतरची फळे. १९९० साली संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजला जे परत दिले, ते दुसऱ्याने दिलेले दान होते. त्यांनी ते बुडू दिले नाही, एवढेच. तथापि हे ऋण कोणत्याही देणगीहून कमी मोलाचे नाही. आज वसई-विरारच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेला एखादा पदवीधर मृत्युपत्रात आपल्या विद्यालयाचे नाव घालील, तेव्हा त्याने दोन गोष्टी पाहाव्यात : दानाचा हेतू निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेला असावा, आणि तो वाचून दाखविणारे कोणी तरी मागे असावे. रकमेचा आकडा त्यानंतर येतो.