पाच मिनिटांचे सोंग आणि दोन तासांचा चित्रपट

२०१० सालच्या जून महिन्यात व्हॅटिकनच्या ‘लॉसेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने एका अमेरिकन चित्रपटाच्या तिसाव्या वर्षाची आवर्जून दखल घेतली. चित्रपट धर्मविषयक नव्हे. त्यात दोन भामटे आहेत, शिवीगाळ आहे, पोलिसांच्या गाड्यांचा चुराडा आहे आणि हातात पट्टी घेऊन त्या भामट्यांना बडवून काढणारी एक धर्मभगिनी आहे. ‘द ब्लूज ब्रदर्स’ हे त्याचे नाव. या चित्रपटाला त्या दैनिकाने चक्क ‘कॅथोलिक’ म्हटले. ही बातमी वाचून पुष्कळांना हसू आले, आम्हांलाही आले. परंतु त्या बातमीमागे एक मोठा इतिहास आहे आणि तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटते. कारण हा चित्रपट मुळात चित्रपट म्हणून जन्मलाच नव्हता. दूरचित्रवाणीवरील काही मिनिटांच्या सोंगातून तो निघाला. त्याच्यानंतर तशाच सोंगांतून निघालेले बहुतेक चित्रपट जन्मताच मेले. मग हाच का जगला?

११ ऑक्टोबर १९७५ रोजी, शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, न्यूयॉर्कमधील रॉकफेलर सेंटरच्या ८-एच या स्टुडिओतून एनबीसी वाहिनीने एक नवा कार्यक्रम सुरू केला. पुढे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या नावाने तो जगभर प्रसिद्ध झाला. लॉर्न मायकेल्स हा कॅनडातून आलेला तरुण त्याचा निर्माता. कार्यक्रम आधी चित्रित केलेला नसे. घडेल तसा त्याच क्षणी घरोघरी दिसे. चूक झाली तर ती साऱ्या देशाने पाहिली! आठवडाभरात लिहून बसविलेली छोटी छोटी प्रहसने, मधून मधून गाणे आणि बातम्यांची टवाळी, असे त्याचे स्वरूप होते. २०२५ साली या कार्यक्रमाने पन्नाशी साजरी केली.

यातील बरेच नट शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या नाट्यसंस्थेतून किंवा तिच्या टोरंटो येथील शाखेतून आलेले होते. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पद्धत मोठी गमतीची. हातात संहिता नसताना रंगमंचावर उभे राहावे, समोरच्याने टाकलेला शब्द झेलावा आणि तेथेच प्रसंग उभा करावा. आपल्याकडे तमाशातील बतावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही हजरजबाबी कला नवी वाटणार नाही. अशा खेळातून एखादे पात्र सापडते. त्या पात्राची चालण्याची एक लकब असते, बोलण्याचा एक ढंग असतो, एखादे पालुपद असते. पात्र पुन्हा दिसले की प्रेक्षक त्या पालुपदाची वाट पाहू लागतात आणि ते आले की टाळ्या पिटतात.

आणि येथेच गोम आहे. सणाच्या रात्री धर्मग्रामातील एखादा पोरगा मिस्त्रीची किंवा वेदीसेवकाची हुबेहूब नक्कल करतो तेव्हा मांडव डोक्यावर घेतला जातो. पुढच्या वर्षी त्याच नकलेवर कोणी तीन अंकी नाटक लिहिले, तर दुसऱ्या अंकातच लोक चहाच्या शोधात उठतील. पाच मिनिटांच्या सोंगाला एक सवय पुरते. दोन तास ज्याच्याकडे पाहायचे, तो मनुष्य कोणाचे तरी देणे लागत असावा लागतो. त्याचे काही तरी अडलेले असावे लागते. आमच्या मते ‘ब्लूज ब्रदर्स’चे सारे रहस्य या एका गोष्टीत आहे.

या दोघा बंधूंची कुळकथा पाहू. कार्यक्रमाच्या पहिल्या संचात जॉन बेलुशी आणि डॅन आयक्रॉइड हे दोन नट होते. बेलुशी शिकागोचा, अल्बेनियन ऑर्थोडॉक्स कुटुंबातला, अंगाने स्थूल, पण पायांत वीज भरलेला. आयक्रॉइड कॅनडातील ओटावाचा, कॅथोलिक घरात वाढलेला. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत धर्मगुरू होण्याचा त्याचा मानस होता. (तो झाला असता तर त्याच्या प्रवचनांना गर्दी झाली असती, यात शंका नाही!) आयक्रॉइडला कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचे वेड, ते त्याने मित्राला लावले. १९७६ च्या जानेवारीत हे दोघे प्रथम ब्लूज गाण्यासाठी उभे राहिले ते चक्क मधमाश्यांच्या वेषात. त्या वेळी कार्यक्रमात मधमाश्यांचे एक सोंग वारंवार येत असे आणि बेलुशीला त्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मनस्वी तिटकारा होता. पुढे मधमाशी गेली. काळा सूट, काळी टोपी आणि काळा चष्मा आला. २२ एप्रिल १९७८ रोजी जेक आणि एलवूड या नावांनी ते प्रेक्षकांसमोर आले. त्याच वर्षी त्यांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मामला सोंगाचा, पण साथीला खरे, मुरलेले वादक होते. त्यामुळे लोकांना हसावे की ऐकावे हेच कळेना.

चित्रपटाची संहिता आयक्रॉइडने लिहिली. यापूर्वी त्याने पटकथा कधी लिहिलेली नव्हती. ती तीनशेहून अधिक पृष्ठांची झाली आणि टेलिफोन डिरेक्टरीच्या वेष्टनात घालून त्याने ती पाठवून दिली, अशी कथा सांगतात. दिग्दर्शक जॉन लँडिस यांनी ती कापून आटोपशीर केली. चित्रण १९७९ साली बहुतांशी शिकागोत झाले आणि २० जून १९८० रोजी चित्रपट प्रदर्शित झाला.

कथा अशी. जेक तुरुंगातून सुटतो. त्याला न्यायला एलवूड जुनी पोलीस गाडी घेऊन येतो. दोघे आधी कोठे जातात? ज्या अनाथाश्रमात ते लहानाचे मोठे झाले, तेथे. आश्रम चालविणाऱ्या सिस्टर मेरी स्टिग्माटा यांना मुलांनी ‘पेंग्विन’ हे टोपणनाव ठेवलेले आहे. पाच हजार डॉलर कर भरला नाही तर आश्रम बंद होणार, असे त्या सांगतात. जेक बेफिकिरीने म्हणतो, त्यात काय, आणून देतो. धर्मभगिनी ताडकन सांगतात की चोरीचा पैसा मला नको. पुढे दोघांच्या तोंडून अपशब्द निघतात आणि पट्टी उठते. मार खात, जिन्यावरून गडगडत दोघे बाहेर येतात. (अमेरिकेत धर्मसंस्थांच्या अशा मालमत्तेला बहुधा करमाफी असते, पण एवढ्या तपशिलासाठी चित्रपट अडवून धरणे बरे नव्हे.)

या एका प्रवेशाने सोंगाचा मनुष्य झाला. काळा चष्मा तोच, टोपी तीच, पण आता त्या दोघांना आई-बाप आहेत, म्हणजे हा आश्रम आहे. आणि तो वाचवायचा तर पैसा घामाचा हवा अशी अट आहे. एका बाप्टिस्ट चर्चमधील उपासनेत, गायक जेम्स ब्राउन उपदेशकाच्या भूमिकेत गर्जत असताना, जेकवर प्रकाश पडतो आणि जुने वादक गोळा करून कार्यक्रम करावा, ही कल्पना त्याला सुचते. तेव्हापासून एलवूड भेटेल त्याला गंभीर चेहऱ्याने सांगत सुटतो की आम्ही देवाने सोपविलेल्या कामगिरीवर आहोत. प्रेक्षक हसतात, कारण वाक्य हास्यास्पद आहे. आणि हसता हसता त्यांना कळते की ते खरेही आहे. अखेरीस पैसे भरले जातात, पावती हाती पडते आणि त्याच क्षणी बेड्याही पडतात. चित्रपट संपतो तेव्हा दोघे पुन्हा तुरुंगात असतात. त्यांनी केलेल्या नासधुशीचे समर्थन आम्ही करणार नाही. शंभराहून अधिक मोटारी या एका चित्रपटासाठी मोडण्यात आल्या, हे वाचून काटकसरी मन कळवळते. पण आपल्यासाठी नव्हे, तर लहानग्यांच्या छपरासाठी जो तुरुंगात जातो, त्याची कथा रोमच्या दैनिकाला ओळखीची वाटली तर नवल नाही. त्याच्या संपादकांच्या चौकस नजरेने एका घरात टांगलेली पोप दुसरे जॉन पॉल यांची तसबीरही टिपली होती.

याच दैनिकाशी या कार्यक्रमाचा आणखी एक गमतीदार संबंध आहे. डॉन नोव्हेलो हा नट ‘फादर ग्वीदो सार्दुची’ या नावाने, काळा झगा आणि रुंद टोपी घालून, आपण ‘लॉसेर्वातोरे रोमानो’चे वार्ताहर आहोत असे कार्यक्रमात सांगत असे. १९८१ साली तो त्याच वेषात व्हॅटिकनमध्ये गेला, मनाई असलेल्या जागी छायाचित्रे घेतल्यावरून पकडला गेला आणि धर्मगुरूचे सोंग घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. पुढे आरोप मागे घेण्यात आला. त्याच्यावर चित्रपट निघाला नाही. निघाला असता तर त्याचे काय झाले असते, याचा अंदाज पुढच्या दशकावरून येतो.

१९९२ साली ‘वेन्स वर्ल्ड’ आला. घराच्या तळघरातून स्थानिक केबलवर कार्यक्रम करणारे दोन उनाड मित्र, हे माइक मायर्स आणि डेना कार्व्ही यांचे लोकप्रिय सोंग. चित्रपटात एक लबाड अधिकारी त्यांचा कार्यक्रम विकत घेतो आणि पैशापायी मैत्री तुटण्याची वेळ येते. येथेही काही तरी अडलेले आहे. एकट्या अमेरिकेत या चित्रपटाने १२ कोटी डॉलरहून अधिक मिळविले. मग निर्मात्यांना वाटले की खाण सापडली. पुढच्या वर्षी ‘कोनहेड्स’ आला. सोळा वर्षांपूर्वीचे शंकूच्या डोक्यांचे परग्रहवासी पुन्हा बाहेर काढले होते. १९९४ च्या ‘इट्स पॅट’मध्ये तर एकच विनोद होता. समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री हे कोणालाच कळत नाही, एवढाच. त्याची मिळकत सुमारे ६० हजार डॉलर! १९९५ चा ‘स्टुअर्ट सेव्ह्ज हिज फॅमिली’ मात्र आमच्या नियमात बसत नाही. त्यात मद्यपी बापाच्या घराची खरीखुरी व्यथा होती, जाणकारांनी त्याची वाखाणणी केली, तरी प्रेक्षक आले नाहीत. दहा लाख डॉलरही जमले नाहीत. त्याचा नट अल फ्रँकन पुढे २००९ ते २०१८ या काळात अमेरिकेचा सिनेटर होता.

या मालिकेतील १९९९ चा ‘सुपरस्टार’ आपल्या वाचकांना विचार करायला लावील. कॅथोलिक शाळेचा गणवेश घातलेली, घाबरली की काखेत बोटे खुपसून ती हुंगणारी, खुर्च्यांवर कोसळणारी आणि तरीही आपण मोठी नटी होणार असे ठामपणे सांगणारी मेरी कॅथरिन गॅलघर ही त्याची नायिका. आमच्या शाळांची ही थट्टा आहे, असे कोणी म्हणेल. पण हे सोंग उभे करणारी मॉली शॅनन स्वतः ओहायो राज्यातील कॅथोलिक घरातली. १९६९ साली, ती चार वर्षांची असताना, मोटार अपघातात तिची आई, धाकटी बहीण आणि एक चुलत-मावस भावंड गेले. गाडी वडील चालवीत होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तिने हे सारे लिहिले आहे. त्या अपघातानंतरची घाबरी, पण आशा न सोडणारी मुलगी तिने मेरी कॅथरिनमध्ये ओतली होती. हे कळल्यावर त्या पडण्या-धडपडण्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. आम्हांला तरी त्या थट्टेचा राग आला नाही.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन शिकताना एक गोष्ट आम्हां विद्यार्थ्यांना आवडत असे. श्रमाने जसे शरीर, तसे मनही थकते आणि त्याला विसावा लागतो. म्हणून जो स्वतः कधी विनोद करीत नाही व दुसऱ्यालाही करू देत नाही, तो दोषी होय, असे ते मानतात. मर्यादा सांभाळली तर नटाचा व्यवसाय मुळात पापमय नाही, असेही ते सांगतात. प्रेक्षकाच्या मनाचा विसावा त्यांनी नीट ओळखला. नटाला विसावा कोण देणार, हा प्रश्न मात्र या इतिहासात वारंवार डोके वर काढतो.

‘ब्लूज ब्रदर्स’च्या चित्रणाच्या वेळीच बेलुशी कोकेनच्या आहारी गेलेला होता. एका रात्री काम चालू असताना तो नाहीसा झाला. आयक्रॉइड शोधीत निघाला. जवळच्या वस्तीत एका घराचा दिवा जळत होता. तेथे चौकशी करता कळले की बेलुशी आत आला, घरच्यासारखे फ्रिजमधले खाऊन कोचावर गाढ झोपला. घरमालकाने त्याला हाकलले नाही. सारा देश त्याला ओळखत होता आणि कोणत्याही दारी त्याचे स्वागत होई. त्याच ओळखीमुळे मादक पदार्थही कोणी ना कोणी आणून देई. ५ मार्च १९८२ रोजी हॉलिवूडमधील एका हॉटेलात कोकेन आणि हेरॉइनच्या मिश्रणाने त्याचा अंत झाला. वय ३३. अंत्ययात्रेच्या अग्रभागी आयक्रॉइड मोटारसायकलवर होता. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमधील स्मरणसभेत त्याने टेपरेकॉर्डरवर एका अजस्र मधमाशीवरचे गाणे वाजविले. जो मागे राहील त्याने दुसऱ्यासाठी हे वाजवायचे, असा दोघांत करार होता. १९९८ साली आयक्रॉइडने जेकविना ‘ब्लूज ब्रदर्स २०००’ केला. तो चालला नाही.

बेलुशीला आदर्श मानणारा एक तरुण १९९० साली याच कार्यक्रमात आला. क्रिस फार्ली हा विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनचा, येशूसंघीयांच्या मार्केट विद्यापीठाचा पदवीधर, ‘सेकंड सिटी’त तयार झालेला. तो नेमाने मिस्सेला जाई आणि न्यूयॉर्कच्या सेंट मॅलकी चर्चच्या वतीने वृद्धांची सेवा करी. या गोष्टी त्याने फारशा कोणाला सांगितल्या नाहीत. त्याचे सर्वांत गाजलेले सोंग म्हणजे मुलांना उपदेश करता करता टेबलावर कोसळून त्याचे तुकडे करणारा वक्ता. त्या पात्राला त्याने कॉलेजमधील एका मित्राचे नाव दिले होते. तो मित्र पुढे धर्मगुरू झाला. टेबल मोडले की लोक हसत आणि पुन्हा मोड म्हणत. व्यसनमुक्तीसाठी फार्ली अनेकदा रुग्णालयात गेला. १८ डिसेंबर १९९७ रोजी शिकागोत तो मृतावस्थेत आढळला. त्याचेही वय ३३ होते.

नाताळाच्या दोन दिवस आधी मॅडिसन येथील अवर लेडी क्वीन ऑफ पीस चर्चमध्ये त्याची अंत्यविधीची मिस्सा झाली. जमलेल्यांमध्ये डॅन आयक्रॉइडही होता.