साडेपाचचा डबा



गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक यादी आली. चादर एक, टॉवेल एक, कॅनव्हासचे बूट, टोपी, पाण्याची बाटली, आणि खाली ठळक अक्षरांत, मोबाईल आणू नये. माझ्या अकरा वर्षांच्या नातीला दहा दिवसांच्या निवासी क्रीडा शिबिराला जायचं आहे, त्याची ही यादी. सून म्हणाली, "आई, पाठवू या का हो? रात्रीच्या जेवणाचं कसं होईल?" प्रश्न ऐकला आणि मी पन्नास वर्षं मागे गेले. आज घरकाम बाजूला ठेवून त्याबद्दलच लिहिते.

माझं माहेर अमरावतीचं. तिथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव विदर्भातल्या मैत्रिणींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडा इतिहास सांगते. आपल्या गावातल्या अशा संस्थांसमोरून आपण रोज भाजीची पिशवी घेऊन जातो, पण आत काय घडलं ते आपल्याला माहीत नसतं.

मंडळाची स्थापना 1914 सालची. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते उभं केलं. त्या काळी गावोगावी तालमी होत्या, पण तालमीतली विद्या उस्तादाच्या मर्जीने शिष्याकडे जायची. एक उस्ताद गेला की त्याचे डावही बरेचदा त्याच्याबरोबर जायचे. मंडळाने वेगळी वाट धरली. 1924 पासून तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग भरू लागले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, आपले देशी खेळ, हे सगळं ठरावीक क्रमाने शिकवायचं आणि शिकलेल्याने आपल्या गावी जाऊन पुढे शिकवायचं.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे मला यात चक्रवाढ व्याज दिसतं. मुद्दल तिजोरीत कुलूप लावून ठेवलं तर ते तेवढंच राहतं. एका उन्हाळ्यात एक मास्तर शिकून गेला आणि त्याने आपल्या शाळेतल्या चाळीस पोरांना शिकवलं, तर हिशेब कुठच्या कुठे जातो. उन्हाळी शिबिर म्हणजे मुलांना सुट्टीत गुंतवून ठेवण्याची सोय, असं आपण समजतो. मूळ कल्पना मात्र ज्ञान वाटण्याची होती. आपल्याकडे ज्ञानदानाला किती मोठं मानतात, ते तुम्ही जाणताच.

याच मंडळाचं पथक 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकला गेलं. त्या ऑलिंपिकमधलं ध्यानचंदांच्या संघाचं हॉकीचं सुवर्णपदक सगळ्यांना आठवतं. पण त्याच वेळी अमरावतीच्या तरुणांनी तिथे कबड्डी, खो-खो, मल्लखांब असे आपले खेळ करून दाखवले, हे फार थोड्यांना माहीत असतं. पदकं मिळवायला ते गेलेच नव्हते. घरच्या अंगणातला खेळ जगासमोर मांडायचा होता. पुढे 1938 साली कलकत्त्याला राष्ट्रीय खेळांत कबड्डी आली आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तिला पदकाचा मान मिळाला. म्हणजे बर्लिनपासून 54 वर्षं. पेरलेलं उगवायला किती वेळ लागतो, ते यावरून समजावं.

आता माझी गोष्ट.

1973 चा उन्हाळा. मी बारा वर्षांची, दादा पंधराचा. दादाचं नाव उन्हाळी वर्गात घातलं होतं. संध्याकाळचा सराव अंधार पडेपर्यंत चालायचा आणि आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. मग तोड काय निघाली? दादाचा डबा साडेपाचला मैदानावर पोहोचवायचा. भाकरी, तुरीचं वरण, दोडक्याची नाहीतर भेंडीची भाजी आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या. तो डबा घेऊन रोज जाणारी मी.

दादा डबा खाईपर्यंत मी मैदानाच्या कडेला बसायची. समोर खो-खो चाललेला असायचा. दोन-तीन दिवसांत मला नियम पाठ झाले. आठ जण मधल्या पाटीवर ओळीने बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, आणि नववा पाठलाग करणारा. त्याने एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही वाकडंतिकडं पळायची मुभा. सगळी बंधनं पाठलाग करणाऱ्यावर! तरी तो जिंकू शकतो, कारण तो एकटा नसतो. स्वतःला जमत नाही असं दिसलं की बसलेल्याच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "मलाही जायचंय." आई म्हणाली, "आणि तुझं रात्रीचं जेवण?" मी गप्प बसले. धर्माच्या नियमापुढे काय बोलणार? दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा डबा घेऊन निघाले.

मैत्रिणींनो, ज्या डब्याने दादाचा नियम सांभाळला गेला, त्याच डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या बसल्या असत्या. हे मला तेव्हा सुचलं नाही. आईला सुचलं होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं. ती आता नाही. मी तिला दोष देत नाही. सगळ्या घरांत तेव्हा असंच होतं. पण नियम आड आला नव्हता, एवढं आज मला कळतं. वैशाखात सूर्य पावणेसातपर्यंत असतो. मुलगी मैदानावर जात नाही ही रीत होती, आणि आम्ही तिला नियमाचं नाव दिलं.

बरं, मुली तेव्हा खेळत नव्हत्या असंही नाही. पुढे मी हे शोधून वाचलं. महिलांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा 1955 मध्ये सुरू झाली होती. महिलांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा 1960-61 साली भरली, तीही आपल्या कोल्हापुरात. मी मैदानाच्या कडेला रिकाम्या डब्याची वाट बघत बसले होते, तेव्हा महाराष्ट्राच्या मुली बारा वर्षं राष्ट्रीय स्पर्धा खेळत होत्या. आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. मी तो सामना टीव्हीवर उभ्याने पाहिला.

शिबिरातून मुलं काय शिकतात असं विचारलं तर शिस्त, एकी, नेतृत्व असे शब्द सगळेच सांगतात. मला कडेला बसून जे दिसलं ते सांगते.

एक म्हणजे बसता येणं. खो-खोत खेळाडू पळतो थोडा आणि बसतो जास्त. पण ते बसणं आळसाचं नसतं. पाय तयार, कान मागे. खो मिळण्याआधी उठलात तर चूक, मिळाल्यावर उशीर केलात तरी चूक. सामायिकाला बसणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं, जागा सोडता येणं. "खो" देणारा धावून थकलेला असतो, गडी अगदी हाताशी आलेला असतो, तरी तो दुसऱ्याला उठवतो. घरात आम्हा बायकांना हेच जमत नाही. स्वयंपाकघर सुनेच्या हाती देताना माझी किती वर्षं गेली, ते तिलाच विचारा.

तिसरं मल्लखांबावरचं. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, त्यामुळे नवं पोर चढतं आणि घसरतं. गुरुजी आधी सलामी शिकवायचे, मग अढी, म्हणजे पायांनी खांब धरणं. ती पक्की झाल्याशिवाय वरचं काही नाही. दादा आठ दिवस नुसती अढी करत होता आणि घरी येऊन चिडचिड करायचा. नवव्या दिवशी हात सोडून खांबावर राहिला. खाली उतरल्यावर त्याने डबा उघडला, पण हसू थांबेना म्हणून घास घेता येईना.

आता नातीच्या जेवणाचं. सुनेला म्हटलं, आपण आधी विचारू तर खरं. मी स्वतः शिबिराच्या बाईंना फोन केला. आमची मुलगी सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा, लसूण, बटाटा खात नाही, पाणी उकळलेलं लागतं, असं सरळ सांगितलं. बाई म्हणाल्या, "काकू, सव्वासहाला तिला वेगळं वाढू. मागच्या वर्षीही अशा दोन मुली होत्या." पाच मिनिटांचा फोन! पन्नास वर्षं मी ज्याला डोंगर समजत होते, तो पाच मिनिटांचा निघाला.

तुमच्या घरीही अशी यादी आली असेल आणि जेवणावर गाडी अडली असेल, तर नाही म्हणण्याआधी एक फोन जरूर करा. व्यवस्था होत नसेल तर राहू द्या, नियम मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण विचारून तर बघा. बरोबर मुगाचे लाडू, खाकरे आणि भाजलेले पोहे द्या, दहा दिवस टिकतात.

परवा सकाळी ती निघते आहे. चादरीवर नाव घालायचं राहिलं आहे. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "डबा कोण नेणार?" मी म्हटलं, या वेळी कुणीच नाही.

आपली,
एक आजी