दिवा झाकण्याची कला: तंजावर १९४२ ते आजची काळी फिल्म

तंजावर म्हटलं की आपण सरस्वती महालात आणि सर्फोजीराजांच्या काळात रमतो. आज मात्र शहराबाहेर, हवाई दलाच्या धावपट्टीपाशी जायचं आहे. विषय आहे गाडीच्या दिव्यांना घरीच चिकटवायची काळी फिल्म. हसू नका, दोन्हींचं नातं आहे.

ही धावपट्टी १९४० सालची. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी ५ तारखेला कोलंबोवर, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर, ९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ले केले. मद्रास शहरातून लोक भराभर गावाकडे निघाले. त्याच वर्षी ब्रिटिश हवाई दलाचं ३६ नंबरचं स्क्वाड्रन तंजावरला पुन्हा उभं राहिलं. मलाया आणि जावाच्या लढाईत ते जवळजवळ संपलं होतं. इथे त्याला वेलिंग्टन विमानं मिळाली आणि काम मिळालं समुद्रावरच्या गस्तीचं.

त्या युद्धात दिवा दिसणं म्हणजे शत्रूला पत्ता सांगणं. म्हणून पुढच्या दिव्यांवर झाकण, त्याला बारीक फट आणि उजेड फक्त खाली रस्त्यावर. पण झाकलेल्या दिव्याची किंमत मोजावी लागते. ब्रिटनमध्ये १९४१ साली रस्त्यांवर ९,१६९ माणसं मेली. त्या देशाच्या नोंदींतला हा आजही सर्वांत मोठा आकडा. तो पाडणारं एकही जर्मन विमान नव्हतं! तिथल्या सरकारने वस्तीत रात्री ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि मोटारींचे बंपर, पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवायला लावल्या. थोडक्यात, वरून दिसू नये, पण मागून येणाऱ्याला कळावं.

आपल्याकडे १९६५ आणि १९७१ मध्ये हेच घडलं. मुंबईत खिडक्यांना काळा कागद आणि मोटारींच्या दिव्यांच्या वरच्या भागाला काळा रंग. समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून ही काळी पट्टी युद्धानंतरही बरीच वर्षं टिकली. माझ्या पिढीला ती आठवत असेल.

लष्करात ही कला आम्ही अंगवळणी पाडली. ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग आणि त्यावर वरून पडणारा एक मिणमिणता बल्ब. मागच्या ड्रायव्हरने तेवढाच ठिपका धरून चालायचं. हे जमतं, कारण ताफ्याचा वेग कमी असतो, अंतर ठरलेलं असतं आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं दिलेली असतात. यांतली एकही गोष्ट कुंभकोणम रस्त्यावर नसते.

आता घरच्या फिल्मकडे वळू. साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म बसवायची, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून ताणायची, रबरी पट्टीने बुडबुडे काढायचे. काम सोपं, आणि पोरं ते सफाईने करतात हे मान्य. घोटाळा उजेडाच्या हिशेबात आहे. फिल्म निम्माच उजेड सोडत असेल, तर दिवा निम्म्यावर येतो. पण मागच्या लाल दिव्यात जो परावर्तक असतो, त्याच्यावर पडणारा उजेड फिल्ममधून आत जातो आणि पुन्हा फिल्ममधूनच बाहेर येतो. निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव. रस्त्यात बंद पडलेली, दिवे विझलेली गाडी मागच्याला त्या परावर्तकामुळेच दिसते. कावेरीच्या खोऱ्यात कापणीच्या दिवसांत भाताने लादलेला ट्रॅक्टर कडेला उभा असतो. त्याला चुकवायला जोरात ब्रेक मारलात, तर मागच्या बसवाल्याला तुमचा ब्रेकचा दिवा दिवसाउजेडीसुद्धा उशिरा कळेल.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१२ चा गाजलेला निकाल खिडक्यांच्या काचांवरच्या फिल्मबद्दल होता. लोक तो दिव्यांना जोडतात, ते बरोबर नाही. दिव्यांना ५२ वं कलम पुरेसं आहे.

फिल्म लावलीच असेल तर रात्री गाडी अंगणात उभी करा, दिवे बंद ठेवा आणि शंभर पावलांवरून विजेरीचा झोत परावर्तकावर टाका. मग एका बाजूची फिल्म काढून पुन्हा बघा. काढताना कोपरा गरम करून सावकाश ओढा. उरलेल्या डिंकाला थिनर लावू नका, प्लॅस्टिकची काच कायमची धुरकटते. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं.