आवाजाचे दप्तर

धुळे म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला पहिली आठवण होते ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून त्यांनी कागद गोळा केले. कुणाच्या घरी सापडला, कुणी कुणाला लिहिला, कोणत्या तिथीला लिहिला, हे समजल्यावाचून कागदाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे आहे.

आता कुणी म्हणेल, आजचा विषय तर संगीत शिकणाऱ्या मुलांनी ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण कसे करावे हा आहे; त्यात राजवाडे कुठून आले? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. गाणे हेही इतिहासाचे साधन आहे. फरक एवढाच की कागद माळ्यावर शंभर वर्षे पडून राहतो. आवाज मात्र माणसाबरोबर जातो.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळ आसोद्याला जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात काम करताना आणि घरोटावर दळताना त्यांना गाणी सुचत. घरातल्या मुलांनी, म्हणजे सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने, ती ऐकून वहीत उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आले. ऐकणारी मुले जवळ होती म्हणून हे धन वाचले. परंतु वहीत शब्द उतरतात, सूर उतरत नाही. कुठे आवाज लांबवला, कुठे श्वास घेतला, दळणाच्या लयीवर कोणते अक्षर पडले, हे शाईने कसे लिहावे?

संगीतातल्या मोठ्या माणसांनाही ही अडचण होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा वर्गात शिकवण्यासाठी स्वरलिपी तयार केली. पंडित भातखंड्यांनी देशभर फिरून घराण्याघराण्यांतल्या चिजा स्वरलिपीत लिहून घेतल्या. त्या कामाचे मोल फार मोठे आहे. तरीही स्वरलिपी म्हणजे गावाचा नकाशा. नकाशावरून वाट कळते, प्रत्यक्ष गाव दिसत नाही.

तबकडीवर आवाज पकडण्याचे यंत्र हिंदुस्थानात आले त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाने कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मुद्रणाला मायक्रोफोन नसे. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तबकडी सुमारे तीन मिनिटांची, म्हणून तासभर रंगणारी चीज तेवढ्यात बसवावी लागे. गाणे संपले की गौहरजान स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. पुष्कळांना तो ठसका वाटतो. पण त्यामागे कामाची गोष्ट होती. तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोवरला जात, आणि गाणारी कोण हे तिथल्या कारागिरांना त्या नावावरून कळे. शिक्षक मित्रांनो, हा पहिला धडा मुलांना द्या: ज्या आवाजाला नाव नाही तो आवाज पोरका.

हा धडा मी चुकूनच शिकलो, बरं का. आमच्या महाविद्यालयातल्या संगीत शिकणाऱ्या एका मुलाला मी म्हणालो, "तुझ्या आजीच्या ओव्या मोबाईलवर घेऊन ये." त्याने घेतल्या. वर पंखा घरघरत होता. गाणे लांबले म्हणून त्याने ते मध्येच तोडले. ही ओवी आजी कुणाकडून शिकली, तिचे माहेर कोणते, काही विचारले नाही. मी म्हटले, असू दे, दिवाळीत पुन्हा जाऊ. दिवाळीच्या आधीच आजी गेल्या. आज आमच्याजवळ दीड मिनिटाचा आवाज आहे, आणि त्यात निम्मा पंखा आहे. मुलाचा दोष नव्हता. मी त्याला "घेऊन ये" म्हटले. कसे घ्यायचे ते शिकवले नाही.

आता शिकवतो ते असे. पहिल्या भेटीत यंत्र खिशाबाहेर काढायचेच नाही. नुसते बसायचे, ऐकायचे, चहा घ्यायचा. दुसऱ्या भेटीत परवानगी विचारायची. पंखा बंद, विहिरीवरचा पंप बंद, नाहीतर लिंबाखाली लांब जाऊन बसायचे. मोबाईल गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, स्थिर ठेवायचा. सुरुवातीला मुलाने स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि गाणाराचे नाव सांगायचे. गाणे संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही, तोडायचे नाही. चित्र घ्यायचे तर चेहऱ्याइतकेच हातही दिसले पाहिजेत. वहीगायनातला डफ कसा धरतात, बोटे कुठे पडतात, पावरी वाजवणारा श्वास कसा घेतो, हे कानाला कळत नाही, डोळ्यांना कळते.

घरी आल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. मुलांनी तेच गाणे दहा वेळा ऐकावे, शब्द बोलीत आहेत तसेच लिहावेत, अहिराणी शब्द 'सुधारू' नयेत. मग ठेका ओळखावा, सूर पेटीवर शोधावेत. पेटीच्या पट्ट्यांत न बसणारा सूर सापडला की त्यांना संगीताचे नवे दार उघडते. शेवटी दोन प्रती कराव्यात. एक शाळेत ठेवावी आणि एक गाणाराच्या घरी द्यावी. गाणे ज्याचे, त्याच्या दारी ते परत गेलेच पाहिजे.

हे काम लहान माणसांकडून होत नाही, असे समजू नका. पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी ग्रामीण कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पुढे त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. त्यात गाणाऱ्या बायका खेड्यातल्या होत्या, आणि जमवणाऱ्यांतही खेड्यातलीच माणसे होती.

श्रावणात कानबाई बसेल. रात्री बायका गाणी म्हणतील. त्यांत सत्तरीच्या पुढची एखादी बाई असेल, जिला सगळी कडवी पाठ आहेत, आणि शेजारी तिची नात असेल, जिच्या हातात मोबाईल आहे. राजवाड्यांना कागदाच्या एका दप्तरासाठी कोसभर चालावे लागे. आपले दप्तर ओसरीवरच बसले आहे. नातीला एवढेच सांगा, आधी ऐक, मग नाव विचार, आणि मग कळ दाब.