हॉर्नबी रोड ते गिरगाव : वाहतूक आणि वारसा

मुंबईत मेट्रोचा विषय निघाला की वाहतूक आणि वारसा हे जन्माचे वैरी असल्यासारखी मांडणी होते. मला ती अपुरी वाटते. ज्या इमारतींसाठी आज आपण हळवे होतो, त्यांतल्या कितीतरी वाहतुकीसाठी झालेल्या पाडापाडीतूनच उभ्या राहिल्या आहेत.

दादाभाई नौरोजी रस्त्याचे उदाहरण घेऊ. १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, फोर्टची तटबंदी उतरवली गेली. वाढत्या व्यापाराला तिचे अरुंद दरवाजे पुरेनासे झाले होते. तट गेला आणि हॉर्नबी रोड रुंद झाला. तोच आजचा दादाभाई नौरोजी रस्ता. पण निर्णायक गोष्ट पुढे घडली. १८९६च्या नियमांनी या रस्त्यावर बांधणाऱ्या प्रत्येकाला एक अट घातली : इमारतीची शैली कोणतीही असो, तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग सोडलाच पाहिजे. म्हणून निओ-गॉथिक, निओ-क्लासिकल आणि इंडो-सारासेनिक इमारती तिथे शेजारी शेजारी उभ्या असूनही रस्ता एकसंध दिसतो, आणि भर पावसात माणूस बराच अंतर कोरडा चालू शकतो. म्हणजे हा वारसा रस्तारुंदीतून आणि त्या रुंदीला जोडलेल्या अटीतून जन्मला.

त्याच काळात शेजारच्या काळबादेवीचा अनुभव वेगळा होता. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचा एक मार्ग बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जात होता. रूळ रस्त्यातच बसवले होते. ट्रामने वस्तीशी जुळवून घेतले. १८९६च्या प्लेगनंतर मात्र, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा खेळावी आणि वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून ट्रस्टने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. रस्ते उत्तम झाले, पण सुरुवातीच्या वर्षांत घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त होता. उठवलेली गरीब कुटुंबे आसपासच्याच चाळींत दाटीवाटीने शिरली. हॉर्नबी रोडवर दर्शनी बाजूसाठी नियम होता. इथल्या भाडेकरूंसाठी तसा पक्का नियम नव्हता.

हा जुना फरक मला मेट्रो-३च्या कामात पुन्हा दिसतो. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका फोर्ट, काळबादेवी आणि गिरगावच्या पोटातून जाते. १९९५ पासून मुंबईत वारसा नियमावली आहे, इमारतींना श्रेणी आहेत. त्यामुळे २०१७ मध्ये दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या, म्हणजे १८९८च्या इमारतीच्या, शिरोभागाचा तुकडा निखळला तेव्हा विश्वस्तांना दाद मागायला जागा होती. उच्च न्यायालयाने त्या भागातले काम काही काळ थांबवले, तज्ज्ञांचे मत घेतले. कंपने मोजण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. मेट्रोही झाली आणि ग्रंथालयही उभे आहे. तोल साधता येतो, याचा हा पुरावाच म्हणायचा.

गिरगाव-काळबादेवीची गोष्ट इतकी सरळ नाही. तिथल्या स्थानकांचा मोठा भाग जमिनीखालूनच खोदला गेला, तरी प्रवेशद्वारे आणि हवेचे मार्ग वर आणावेच लागतात. त्यासाठी पागडीच्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या. रहिवाशांना तात्पुरते भाडे आणि त्याच परिसरातल्या नव्या इमारतींत जागा, अशी योजना आखली गेली. ट्रस्टच्या काळाशी तुलना केली तर ही मोठीच सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या इमारतींचे मोल कोणत्याही श्रेणीत बसणारे नव्हते. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. तो त्या वास्तूच्या नक्षीमुळे टिकला नाही. सामाईक गॅलरी, मधला चौक आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी बिऱ्हाडे यांनी तो टिकवला. बंद दारांच्या उंच इमारतीत घर मिळते, क्षेत्रफळही कदाचित वाढते. पण गॅलरी मिळत नाही. खालचा खानावळवाला, शिंपी आणि छापखाना परत येतील की नाही, हे नव्या गाळ्याच्या देखभाल खर्चावर ठरते.

म्हणून आपला प्रश्नच बदलला पाहिजे, असे मला वाटते. मेट्रो हवी की जुनी इमारत, हा वाद आता शिळा झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी मार्गिकेच्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि गिरगावकराला कफ परेड काही मिनिटांवर आले. त्याची उपयुक्तता कोण नाकारेल? खरा प्रश्न आहे तो पाडण्याआधी घातलेल्या अटीचा. १८९६ मध्ये पालिका खासगी मालकाला सांगू शकली की, तुझ्या तळमजल्याचा एवढा भाग रस्त्याचा. मग आज स्थानकावर उभ्या राहणाऱ्या इमारतीला सांगता येणार नाही का, की मजल्यावर सामाईक गॅलरी हवी, खाली चौक हवा आणि जुन्या दुकानदाराला परवडणारा गाळा हवा? नियमाने कमानी उभ्या राहिल्या. शेजारही नियमाने राखता येतो. फक्त तो नकाशा मंजूर होण्याआधी लिहावा लागतो.